दोनशे बारानंतर दोनशे पंधरा

चियातुरात, वरच्या स्थानकातल्या केबिनमध्ये,
रोपवेची ट्रॉली खाली जाऊन परत येईपर्यंत
मला अकरा मिनिटं मिळतात.
अकरा मिनिटांत सहा पानं.
चष्मा पुसत बसले तर पाच.

खाली दरी, दरीत मँगनीजनं काळी झालेली नदी,
खिडकीच्या कडेवर चहाचा ग्लास
आणि ती.
मुखपृष्ठ केव्हाच गेलं. आता तिला
हजेरीच्या रजिस्टराचा पुठ्ठा आहे,
कण्याला वायरमनची काळी पट्टी.

चौतीस हिवाळे.
पारायण म्हणू नका याला,
पारायणानं पुण्य लागतं म्हणे;
मला नुसती माणसं भेटतात.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मी एकोणीसची.
थोरल्याच्या प्रेमात पडले, सपशेल.
धाकटा घरात होता हेही लक्षात आलं नाही.
तिशीत कळलं, थोरला नुसता बोलतो,
लाकडं कोण फोडतं ते एका ओळीत आहे,
पान एकोणनव्वद, तळाशी.
नवरा गेला त्या वर्षी मी सासूच्या बाजूची झाले.
एवढी खाष्ट बाई, पण रात्री कडी घालताना
तीनदा मागे वळून बघते!
हे काय आधी छापलेलं नव्हतं?
यंदा मला घोर लागलाय तो घोड्याचा.
पान चाळीसपासून
त्याला कुणी पाणी दाखवलेलं नाही.

खालच्या स्थानकावरून ओतिया फोनवर हसतो,
"नाझिब्रोला, परत तीच? शेवट ठाऊक असून?"
मी म्हणते, ट्रॉली कुठे जाते ते तुला ठाऊक नाही?
तरी दर खेपेला दार नीट लावतोसच ना.

धाकटा फेब्रुवारीत गोठलेल्या नदीवरून जाणार.
बर्फ फुटणार.
तरी तीनशे दोनपाशी माझं बोट जड होतं.
एकदा पुस्तक मिटून दोन दिवस डब्याखाली ठेवलं.
तेवढे दोन दिवस तो काठावर थांबला बिचारा,
बुटाची नाडी बांधत.

आणि ते पान.
दोनशे बारा संपतं:
'मारो दाराशी आली आणि तिनं'
दोनशे पंधरा सुरू होतं:
'त्या रात्री कुणीच जेवलं नाही.'

काय केलं मारोनं?
मी तिच्याकडून पत्र जाळवलं,
थोरल्याच्या मुस्काटात मारवली,
एका वर्षी तर ती नुसती हसत सुटली.
माझी गुलिको इटलीला गेली, परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला,
त्या हिवाळ्यात मारोनं खुंटीवरची शाल काढली
आणि एक शब्द न बोलता ती चालू लागली.
तेव्हा मीही जेवले नव्हते.

मग परवाच्या शरदात शाळेतली नवी बाई, त्सिसाना,
कुताइसीच्या बाजारातून अख्खी प्रत घेऊन आली.
"मावशी, तुमचं गहाळ पान."

वाचलं. न वाचून सांगते कुणाला?
मारो दाराशी आली आणि तिनं सांगितलं, मीठ संपलंय.
बस्स.
पुढे दोन्ही बाजूंना भांडण,
मीठ आणायचं कुणाचं काम होतं त्यावरून.
म्हणून कुणी जेवलं नाही!
मी इतकी हसले की खालून घंटा दोनदा वाजली
तरी हात लीव्हरवर जाईना,
ट्रॉलीत सात माणसं आणि एक बकरी
अधांतरी लोंबकळत.

त्सिसानाला तिची प्रत परत दिली.
चिकटवू का पान, झेरॉक्स काढून, असं विचारत होती.
नको म्हटलं.

एक मात्र झालं.
आता मारो पत्र जाळो, शाल घेवो, काहीही करो,
तिच्या डाव्या हातात मिठाची रिकामी बरणी असते.
ती खाली ठेवायला तिला जागा सापडत नाही.

आज मंगळवार. चहा निवलाय.
जुन्या तिकिटाची खूण काढून ठेवली आहे.
मारो दाराशी आली आणि तिनं

थांबा. घंटा.